सर्वानुमते मंजूर

मरिया उजागरे या बाईंच्या तोंडून सरळ वाक्य मी एकोणीस वर्षांत ऐकलं नव्हतं. उशिरा आलेल्या पोराला "उशीर का केलास?" असं त्या कधी विचारायच्या नाहीत. "या साहेब, तुमच्यासाठी सूर्य धरून ठेवलाय," म्हणायच्या. माझ्या टेबलावर कागदांचा ढीग साचलेला दिसला की, "काकासाहेब, इतकं काम करत जाऊ नका, तब्येतीला जपा," म्हणायच्या. मी हिवरमाळच्या माध्यमिक शाळेचा लिपिक. डोकं तापट आणि हात आळशी, हे मीच कबूल करतो. त्यामुळे असल्या बोलण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि ती गेलेली दिसली की बाईंचा दिवस मजेत जायचा.

बाई सोनईला राहतात. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. नवरा यशया एसटीत कंडक्टर होता, तो चार वर्षांपूर्वी गेला. मुलगी एंजेला पुण्याला नर्स आहे. म्हणजे घरात बाई एकट्याच. रोज सकाळी स्कूटीवरून, डोक्याला स्कार्फ बांधून, हिवरमाळच्या खडीच्या रस्त्याला शिव्या देत येतात. शिव्यासुद्धा उलट्या. "काय रस्ता आहे! मणके मोजून घ्यायची फुकट सोय," असं म्हणत गाडी लावतात. मॅडम म्हटलेलं त्यांना चालत नाही. पोरं त्यांना बाईच म्हणतात.

माझं ऑफिस आणि दहावीचा वर्ग यांच्यामध्ये एकच पातळ भिंत आहे. तिला वरून वीतभर फट. त्यामुळे दहावीचं मराठी मी दर वर्षी नव्याने शिकतो. गेल्या जुलैत बाईंनी उपरोध शिकवायला घेतला, तेव्हा मी हजेरीपटाला पुठ्ठा चिकटवत होतो.

"भांडायचे दोन प्रकार आहेत," बाई सांगत होत्या. "एक, समोरच्याला सरळ चूक म्हणायचं. मग तो चिडतो आणि चुकीला घट्ट धरून बसतो. दुसरा प्रकार असा, की त्याचीच बाजू घ्यायची. इतकी घ्यायची, इतकी घ्यायची, की त्याला स्वतःलाच म्हणावं लागेल, छे छे, असं कसं चालेल! त्याच्या तोंडून ते छे छे निघालं की वाद तुम्ही जिंकलात. आपल्याकडे म्हणतातच, लेकी बोले सुने लागे. तुमच्या आयांना हे शिकवावं लागत नाही. तुम्हाला शिकवायला मला पगार मिळतो."

पोरं हसली. मग एक पोरगी उठली. ती ज्योती होती, ऊसतोड करणाऱ्या सहादेवाची मुलगी. बारीक आवाजाची, पण प्रश्न विचारायची खोड असलेली.

"बाई, पन त्यानं छे छे म्हनलंच न्हाई तर?"

"माणूस आहे ना तो? मग म्हणेल," बाई म्हणाल्या.

वर्ग पुन्हा हसला. भिंतीअलीकडे मीही हसलो.

बाईंनी गृहपाठ दिला. तुम्हाला जे अजिबात नको आहे, ते मागणारा अर्ज लिहा, कारणांसह. बहुतेकांनी शाळेला सुट्टीच देऊ नका असं लिहिलं. ज्योतीचा अर्ज वाचून बाई वही घेऊनच माझ्याकडे आल्या. दहापैकी नऊ दिले होते, आणि खाली तांबड्या शाईत शेरा होता : अतिशयोक्ती जास्त झाली आहे. असं कोणी मागणार नाही.

"पोरीने रडवलं मला," बाई म्हणाल्या. "पंधरा ऑगस्टला हेच वाचायला लावते. गावाला लाज वाटू दे जरा."

पंधरा ऑगस्टला आमच्याकडे झेंडावंदन झालं की पोरांची भाषणं होतात, त्याच मांडवात लगेच पालक सभा होते आणि मग जिलेबी वाटतात. सभेचं इतिवृत्त मी लिहितो. हिवरमाळमध्ये सभेची एक रीत पडून गेली आहे. कोणीतरी उठतो, "विषय" म्हणून अर्ज वाचतो, रस्त्याचा नाहीतर पाण्याचा. वाचून झाला की सगळे एका सुरात "मंजूर!" म्हणतात. कोणी विरोध करत नाही, कारण त्यातलं काही होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. उगाच कशाला वाईटपणा घ्यायचा? मी लिहितो, "सर्वानुमते मंजूर", आणि जिलेबीकडे वळतो.

त्या दिवशी ज्योतीचा नंबर भाषणांत शेवटचा होता. तिने कागद उघडला.

"विषय : दहावीचा वर्ग बंद करून त्या खोलीत लग्नं लावण्याबाबत. महोदय, आम्ही दहावीच्या समस्त मुली विनंती करतो, की मुकादम एकट्या माणसाला कामावर घेत नाही. नवरा-बायकोची जोडी लागते, तिला एक कोयता म्हणतात. मुलगी शाळेत बसली की अर्धा कोयता गंजत पडतो. त्रिकोणाचे तीन कोन येऊन मोळी बांधता येत नाही. इंग्रजीत उसाला काय म्हणतात, हे उसालासुद्धा माहीत नाही. तरी दहावीच्या बाकांचं सरपण करावं, वर्गात बोहलं घालावं, आणि हॉलतिकिटाऐवजी अक्षता वाटाव्यात. आमच्या आया उसाच्या फडातच बाळंत झाल्या आणि पाचव्या दिवशी त्यांनी मोळी डोक्यावर घेतली. त्यांचं काही बिघडलं नाही, फक्त कंबर गेली. तरी ही संधी आम्हालाही पंधराव्या वर्षीच मिळावी. कळावे. आपली आज्ञाधारक, अर्धा कोयता."

बाई खुर्चीच्या टोकाला येऊन बसल्या होत्या. गावाचं "छे छे" ऐकायला त्यांनी कान टवकारले होते.

मांडवातून एका सुरात आवाज आला, "मंजूर!"

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून पुंजाराम मुकादम उठला. आमच्या भागातल्या तीस-चाळीस जोड्या दर वर्षी त्याच्याच ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्याच्या रानात जातात. त्याने सरळ माईक हातात घेतला. "लई शानी पोर हाय," तो म्हणाला. "आजपत्तुर कुनी लेकरानं आमची आडचन आशी मांडली न्हवती. समद्या पोरींनी हिच्याकडून शिकावं." मागे सहादेव बसला होता. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते, आणि त्याची छाती फुगली होती. फाटकाजवळ त्याची बायको कडूबाई उभी होती. सगळ्या मांडवात ती एकटीच तोंडाला पदर लावून हसत होती. अडाणी बाई, हिला काही कळलेलं दिसत नाही, असं मला वाटलं.

मरियाबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मी मात्र खाली मान घालून सवयीने लिहिलं, अर्ज क्रमांक एक, सर्वानुमते मंजूर.

खरं सांगतो, मी अर्ज ऐकलाच नव्हता. जिलेबीची परात आत आली होती.

आठवड्याने पुंजाराम ऑफिसात आला. "त्या पोरीच्या अर्जाची नक्कल द्या. घरी दावतो, लई ग्वाड लिवलाय." अर्ज मी इतिवृत्ताच्या वहीतच चिकटवला होता. त्या पानाची झेरॉक्स काढली, खाली मंजुरीची ओळ होतीच, त्यावर "खरी नक्कल" असा शिक्का मारला. शिक्का मारताना मी फोनवर बोलत होतो. इतकं सोपं होतं ते.

गणपती उठले आणि ज्योती शाळेत यायची बंद झाली. चार दिवस झाले. पाचव्या दिवशी बाई निरोप पाठवणार, तोच सहादेव स्वतः आला. धुतलेला पायजमा, कपाळाला गंध. बाई माझ्याच ऑफिसात उभ्या होत्या. तो आधी त्यांच्या पायाला हात लावायला वाकला.

"बाई, लई उपकार झालं तुमचं. पोरीचं जमवलं. मुकादमाचा पुतन्या हाय, बजरंग. गुरवारी सुपारी फोडायची. तुमी दोगं पयलं पावनं."

"कोणाचं जमवलं?" बाईंनी विचारलं.

"ज्योतीचं की वो! दोन वर्सं झाली, लगीन म्हनलं की पोर आन्नाला शिवत न्हवती. तुमी शिकवलं, आन तिनं सोताच्या हातानं लिवून मागितलं. समद्या गावाम्होरं वाचलं. आता बाप म्हनून मी कसा आडवा येनार?" त्याने खिशातून घडी काढून टेबलावर उलगडली. माझं अक्षर. माझा शिक्का. "शाळंनं बी मंजूर केलं."

बाईंनी टेबलाची कड धरली. मग त्या सांगायला लागल्या, की हा अर्ज उलटा आहे, पोरीला लग्न नकोय, ती गावाला टोमणा मारत होती. सहादेव ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला. तो रागावला नव्हता. त्याला धक्का बसला होता.

"मंजी मनात येक आन त्वांडात येक, आसं तुमी शाळंत लेकरांना शिकिवता व्हय?" तो म्हणाला.

एकोणीस वर्षांत बाईंना निरुत्तर झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या असत्या.

"सहादेव, ती पंधरा वर्षांची आहे. हा गुन्हा आहे. मी फोन करणार," बाई शेवटी म्हणाल्या.

"करा. सायब आला तर ह्यो कागुद दावीन. पोरीचं अक्षर हाय, शाळंचा शिक्का हाय." त्याने घडी पुन्हा खिशात घातली. दारात थांबून म्हणाला, "तरी बी या गुरवारी. जेवान केलंय."

हेडमास्तर म्हणाले, प्रकरण वाढवू नका, शिक्का आपला आहे, शाळेवर येईल. बाई म्हणाल्या, "येऊ द्या." त्यांनी माझ्यासमोरच चाइल्डलाइनला फोन लावला, नाव सांगितलं, गाव सांगितलं. माणसं गुरुवारी दुपारपर्यंत पोचतो म्हणाली. सुपारी सकाळी अकराला होती. त्या तीन दिवसांत मी किती वेळा इतिवृत्ताची वही उघडली असेल! ती ओळ तिथेच होती. रात्रीत काही पुसली जात नाही.

गुरुवारी बाई आणि मी गेलो. सहादेवाच्या घरापुढे चिंचेखाली सतरंज्या टाकल्या होत्या. पाहुणे बसले होते. पुंजाराम फेटा बांधून मधोमध, शेजारी त्याची बायको गोजरबाई. ज्योती पाटावर होती. साडी तिच्या अंगावर ठरत नव्हती. आम्हाला बघून ती उठायला गेली, तेव्हा कोणीतरी तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं. मग ती बाईंकडे बघत राहिली. त्या बघण्यात रागसुद्धा नव्हता. तुम्ही तर म्हणाला होतात, माणूस आहे, म्हणेल, एवढंच त्यात होतं.

बाई पुढे झाल्या. "हे बघा," एवढंच म्हणाल्या आणि पुढे आवाजच निघेना. बोलण्यात भल्याभल्यांना पाणी पाजणारी बाई भर बैठकीत मुकी झाली. पुंजारामाने तबकातली सुपारी उचलली.

"थांबा वो पावनं," कडूबाई म्हणाली.

ती चुलीपासून उठून आली होती. हात पिठाचे तसेच. चेहऱ्यावर काही नाही, बाजारात मेथीचा भाव विचारावा तसा आवाज.

"मुकादम, ह्यो आरज मंजूर हाय न्हवं?"

"हाय की! शिक्क्यासकट," पुंजाराम हसला.

"वाचून दावा ना पुन्यांदा. मला वाचता येत न्हाई."

पुंजारामाने सहादेवाकडून घडी घेऊन उलगडली आणि कौतुकाने वाचायला घेतलं. "महोदय, आम्ही दहावीच्या समस्त मुली..."

"थांबा. समस्त मंजी?"

"समद्या."

"मंजी माझी येकटीच न्हाई." कडूबाईने मान डोलावली. "आवो, तुमची धाकटी बी दहावीलाच हाय ना? नगरला व्हस्टेलात? मंग तिचं नुसकान कशापायी करायचं? तिचा बी आर्दा कोयता गंजतोय की. बोलवा तिला आजच. माझा भाऊ हाय ना सोंडू, बायकू पळून गेल्याली. दारू पितो, पर ऊस झ्याक तोडतो. ह्याच चिंचंखाली दोगीचं उरकू. येकाच टॅक्टरात बसून जातील. फडात बाळतीन व्हायला येकमेकीच्या सोबतीला ऱ्हातील. पाचव्या दिशी मी सोता तिच्या डोक्यावर मोळी देईन. पोटच्या पोरीवानी."



"छे छे!" पुंजाराम ताडकन उठला. "काय बोलतीस? माझी पोर... ती डाक्टर व्हनार हाय! तिचं नाव काढायचं काम न्हाई!"

"का वो?" कडूबाई म्हणाली. "चांगलं हाय ना? तुमीच म्हनला हुता माईकवर. समद्या पोरींनी शिकावं म्हनून."

छे छे! एका गावाच्या तोंडून जे निघालं नव्हतं, ते एका माणसाच्या तोंडून निघालं होतं, आणि त्याला ते अजून कळलेलं नव्हतं. गोजरबाईला मात्र कळलं. ती नवऱ्याकडे बघत राहिली, जणू याला आज पहिल्यांदाच पाहतेय. मग तिने त्याच्या हातातली सुपारी काढून घेतली, तबकात ठेवली, आणि म्हणाली, "चला घरी." ती चालायला लागली. पाहुणे एकेक करून उठले. बजरंगाने ओटीसाठी आणलेली पिशवी तिथेच राहिली.

सहादेव सतरंजीवर एकटा बसून होता. "मला शेंडा-बुडका काई कळंना," तो म्हणाला. "पर मुकादम चिडला मंजी कायतरी खरं आसंल."

दुपारी गाडी आली, साहेब लोक आले. शिक्का कोणाचा, असं त्यांनी विचारलं. मी हात वर केला. सहादेवाकडून त्यांनी लिहून घेतलं, पोरगी अठराची होईपर्यंत लग्न करणार नाही म्हणून. कडूबाईने अंगठा दिला. जाताना मी तिला विचारल्याशिवाय राहिलो नाही, "मावशी, त्या दिवशी सभेत तुम्ही हसत का होतात?"

"हसू नको तर काय करू? माझंच बोलनं हुतं ते," ती म्हणाली. "फडात रोज बोलते मी. पोरीनं ऐकून शुद्द करून लिवलं. मला वाटलं, आता तरी गावाला लागंल. त्येंनी तर टाळ्याच वाजिवल्या. मंग मी वळखलं, समद्या गावाला बोलून उपेग न्हाई. ज्येचं त्येला लागाया पायजे."

हे मी बाईंना सांगितलं. त्या स्कूटीला चावी लावत होत्या, ती तशीच हातात राहिली.

पुढचं थोडंच आहे. पुंजारामाने सहादेव-कडूबाईची जोडी यंदा घेतली नाही. ती दोघं दुसऱ्या मुकादमाकडून कर्जतकडे गेली. ज्योती सोनईला बाईंच्या घरी, एंजेलाच्या खोलीत राहते आणि बाईंच्या स्कूटीवर मागे बसून शाळेला येते. मी इतिवृत्ताच्या वहीत त्या ओळीखाली लिहून टाकलं : सदर अर्ज उपरोधाने केला होता, लिपिकाने न ऐकता मंजूर लिहिला. खाली सही केली. हेडमास्तर भडकले. भडकू देत.

पहिल्या दिवशी ज्योती परत आली तेव्हा तास मराठीचाच होता. मी काम नसताना भिंतीला खुर्ची लावून बसलो. बाईंनी पाढा वाचावा तशी हजेरी घेतली. मग वह्या तपासायला मागितल्या. ज्योती वही घेऊन टेबलापाशी गेली, आणि तिने जुनंच पान उघडलं असावं.

"बाई, एक विचारू? ह्यो एक मार्क का कापला हुता?"

मला राहवलं नाही. मी उठून दारात गेलो. बाई त्या शेऱ्याकडे बघत होत्या. असं कोणी मागणार नाही. त्यांनी तांबडा पेन उघडला. शेरा खोडला, नऊ खोडून दहा केले, आणि वही परत देताना ज्योतीकडे बघून सगळ्या वर्गाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या,

"चुकलं माझं."

पोरं वाट बघत राहिली. बाईंचं वाक्य म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी दुसरं असणार, ते आता कळेल आणि मग हसायचं, अशी त्यांची सवय. पण त्यात दुसरं काहीच नव्हतं.